अस्वलाचा नमस्कार

रविवारी सकाळी सात वाजता जुन्या लाकूडवखारीमागच्या मैदानात तीनशे माणसं श्वास रोखून बसली होती. इतक्या माणसांना एकदम श्वास रोखायची सवय नसते, त्यामुळे अधूनमधून कुणीतरी खोकायचं आणि बाकीचे त्याच्याकडे असे बघायचे, जणू त्यानं मयताच्या घरी शिट्टी वाजवली.

मैदानाच्या टोकाला, जिथं वस्ती संपते आणि रान सुरू होतं, तिथं फुलांच्या माळा घातलेला एक काळा लाकडी खांब उभा होता. खांबबाबांच्या म्हणण्याप्रमाणे तो एका पहाटे जमिनीतून आपोआप वर आला होता. किती वर यायचं आणि कुठं थांबायचं हे त्याला कुणी सांगितलं, असा प्रश्न तीनशेपैकी एकालाही पडला नव्हता. खांबापासून ऐंशी पावलांवर दोरी बांधली होती. दोरीच्या अलीकडे भक्त होते, आणि भक्तांच्याही मागं, वखारीच्या ओट्यावर, लोखंडी जाळीच्या आत, बाबा बसले होते. आपलं तेज अस्वलाला सोसवत नाही, म्हणून आपण जाळीत बसतो, असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. लोकांना त्यात बाबांची दया दिसली.

झुडपं हलली. अस्वल बाहेर आलं. काळंभोर, डुलत डुलत, एखाद्या जाड माणसानं घाईत उलटा कोट घालावा तसं. खांबापाशी येऊन ते थबकलं, नाक वर करून त्यानं हुंगलं आणि मग सावकाश दोन पायांवर उभं राहिलं. पुढचे दोन्ही पंजे त्यानं खांबाभोवती टाकले. मान वर नेली, खाली आणली, पुन्हा वर नेली, पुन्हा खाली आणली.

तीनशे हात जोडले गेले, म्हणजे हिशेबानं सहाशे.

“बघा लेकरांनो,” लाउडस्पीकरमधून बाबांचा आवाज आला, मऊ, तुपात तळल्यासारखा. “मुकं जनावर, पण त्याला कळतं. तुम्हांला कळत नाही. हा नमस्कार मला आहे का? नाही. मी कोण? मी पायाखालची धूळ.” इथं ते थांबले. धूळ कशी असाल बाबा, असा गलबला झाल्यावरच पुढं सरकले. “या खांबातून कंपनं निघतात. परदेशातून शास्त्रज्ञ आले, यंत्रं लावली, यंत्रं जळाली. शास्त्रज्ञ रडत परत गेले.”

या सगळ्याकडे सगळ्यांत वरून बघणारी एक बाई होती. वीज कार्यालयातली वायरमन. तिच्या पदाला बाईचं रूप नव्हतं, म्हणून लोक तिला वायरमनबाई म्हणायचे. बाबांच्या लाउडस्पीकरसाठी कुणीतरी थेट तारेवर आकडा टाकला होता आणि मागच्या गल्लीतले दिवे मिणमिणत होते. ती तक्रार निस्तरायला ती शेजारच्या विजेच्या खांबावर चढली होती. आकडा काढायच्या आधी तिनंही खाली बघितलं. कुणीही बघितलं असतं. अस्वल दिसलं तर माणूस बघतोच.

पण तिला वरून एक गोष्ट दिसली, जी खाली बसलेल्यांना दिसत नव्हती. झुडपांच्या आड दोन पिल्लं होती. एक दुसऱ्याच्या कानाला लोंबकळत होतं. म्हणजे नमस्कार करणारं ते अस्वल आई होतं. जंगलाच्या कडेनं पंधरा वर्षं तारा ओढणाऱ्या माणसाला पिल्लावाल्या अस्वलाचा अर्थ सांगावा लागत नाही.

तेवढ्यात बाबांनी नवी घोषणा केली. दोरीमागं बसून पाहण्याचे दिवस संपले. पुढच्या रविवारी श्वासभेट. निवडक अकरा भक्त थेट खांबाच्या बुडाशी बसतील, अस्वलाचा श्वास त्यांच्या अंगावर येईल आणि सांधे, मणके, गुडघे नव्यासारखे होतील. अकरा जणांचे क्रमांक पुकारले गेले. चौथ्या क्रमांकाला तिसऱ्या रांगेतून एक म्हातारी दोन्ही हात गुडघ्यांवर रेटत उठली.

ती वायरमनबाईची सासू होती.

वायरमनबाईनं आकडा काढला. बाबांचा आवाज ‘कल्याण’ या शब्दाच्या मध्यावर तुटला, पण तेवढ्यानं काही होणार नव्हतं हे तिलाही माहीत होतं.

*

घरात दोन खोल्या आणि एक गॅलरी. गॅलरीत सासूबाईंचं पायानं चालवायचं शिलाई मशीन होतं. त्याच मशीनवर त्यांनी एक मुलगा वाढवला होता आणि त्याच मशीननं त्यांचे गुडघे खाल्ले होते. गेलं वर्षभर त्यावर चादर पांघरलेली होती. मुलगा, म्हणजे वायरमनबाईचा नवरा, लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर. आठवड्यातले पाच दिवस तो घरी नसायचा आणि उरलेले दोन दिवस आई आणि बायको यांच्यामधल्या कुठल्याही विषयावर त्याचं मत नसायचं. फोनवर तो एवढंच म्हणाला की तुमचं तुम्ही बघा, पुढं घाट आहे.

सासूबाई मूर्ख नव्हत्या. हे सांगायला हवं, कारण अशा गोष्टींत भक्त म्हटला की लोक त्याला आधीच वेड्यात काढतात. कापडाच्या दुकानदाराला त्यांनी वार मोजताना बोटभरही फसवू दिलं नव्हतं. पण दवाखान्यात डॉक्टरनं त्यांना दोन मिनिटांत ‘वयाचं आहे’ म्हणून वाटेला लावलं होतं आणि बाबांनी अर्धा तास ऐकून घेतलं होतं. कुठल्या गुडघ्यात कळ आधी येते, पायरी चढताना की उतरताना, मशीनची पट्टी दाबताना काय होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या गुडघ्यांबद्दल इतके प्रश्न विचारले होते. त्या भरवशावर त्या अस्वलापुढं बसायला निघाल्या होत्या.

“आई, ती आई आहे,” वायरमनबाई म्हणाली.

“कोण आई आहे?”

“अस्वल. मागं दोन पिल्लं आहेत. मी वरून बघितली.”

“मग चांगलंच आहे की. लेकुरवाळीचा श्वास.”

वायरमनबाईनं गुडघे चोळून देते म्हणून विषय बदलला. सासूबाईंनी साडी वर घेतली आणि तिनं पाहिलं, दोन्ही गुडघ्यांवर लालभडक चट्टे उठले होते, जागोजागी साल निघालेलं. बाबांचं तेल लावते, सासूबाई म्हणाल्या. दर शुक्रवारी बाबा तांब्याच्या घागरीतून खांबाला तेलाचा अभिषेक करायचे आणि उरलेलं तेल बाटल्यांतून भक्तांना मिळायचं. जळजळतं, उन्हात गेलं की जास्तच, पण ते रोग बाहेर पडत असल्याचं लक्षण. म्हणजे तेल लावून बरं वाटलं तरी बाबांचं यश, आणि कातडी सोलवटली तरी बाबांचंच.

वायरमनबाई वाकली. आधी अत्तराचा भपकारा आला. त्याच्या खाली दुसरा एक वास होता, आणि तो तिला झोपेतही ओळखू आला असता. धुराचा, डांबराचा, घशात बसणारा. लाकडी खांब कुजू नयेत म्हणून त्यांना जे काळं तेल चोपडतात, त्याचा. ते तेल लावलेल्या दिवशी सासूबाई तिला गणवेश घरात आणू द्यायच्या नाहीत. अकरा वर्षं ते कपडे जिन्यात टांगलेले असायचे. ‘तुझ्या कामाचा वास नरकासारखा आहे,’ असं त्यांनी नव्या सुनेला पहिल्याच महिन्यात ऐकवलं होतं. आणि आता तोच नरक त्या अत्तर घालून सकाळ-संध्याकाळ गुडघ्यांना चोळत होत्या.

तिला हसू आलं आणि ते तिनं गिळलं. हसण्याची वेळ नव्हती. रविवारला सात दिवस होते.

*

सोमवारी दुपारी, मैदान रिकामं असताना, ती खांब बघायला गेली. माळा बाजूला सारल्यावर दोन मिनिटांत ओळख पटली. माणसाच्या उंचीवर चार खिळ्यांची भोकं होती, बरोबर क्रमांकाची पाटी ठोकतात तेवढ्या अंतरावर. वर बाजूनं बारीक खड्ड्यांच्या जोड्या चढत गेल्या होत्या. वायरमन बुटांना लोखंडी काटे बांधून लाकडी खांबावर चढतात, त्या काट्यांच्या खुणा. वरच्या डाव्या खुणा जास्त खोल होत्या, कारण खांब किंचित कललेला होता आणि चढणाऱ्याला डावीकडं जोर द्यावा लागायचा. ही गोष्ट तिला माहीत होती, कारण चढणारी तीच होती. जमिनीतून आपोआप वर आलेला हा खांब सहा वर्षं ओढ्याच्या वळणावर उभा होता आणि तिथं सिमेंटचा खांब आल्यावर भंगारात गेला होता.

भांडारातल्या म्हाताऱ्या कारकुनानं बाकीचं सांगितलं. भंगार उचलणाऱ्या ठेकेदाराकडं एक मजूर होता, खांबांना तेल लावण्यात पटाईत. आवाज मोठा गोड. कामापेक्षा बोलायचा जास्त म्हणून ठेकेदारानं काढून टाकला.

आणि मग तिला केस आठवले. नवीन तेल लावलेल्या खांबांवर दोन-चार दिवसांत काळे राठ केस चिकटलेले असायचे. जंगलाकडच्या प्रत्येक खांबावर. वायरमन लोक वैतागायचे, चढताना ते केस तोंडात जायचे. अस्वलं येऊन घासतात, असं सगळेच म्हणायचे आणि कुणालाच त्यात काही विशेष वाटायचं नाही. त्या मजुराला मात्र विशेष वाटलं होतं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडलेली गोष्ट त्यानं उचलली, तिला माळ घातली आणि पुढं लाउडस्पीकर ठेवला. युक्ती लपवण्याची त्याला गरजही पडली नाही. दर शुक्रवारी तो ती तीनशे लोकांसमोर करायचा, आणि लोक तिला अभिषेक म्हणायचे.

चमत्कार ठरल्यासारखा घडतो, असंही सगळे छातीठोक सांगत. तिनं शेजारणीला विचारून मोजलं. नऊ रविवारांत अस्वल पाच वेळा आलं होतं. उरलेल्या चार वेळा भक्तांपैकी कुणाचं तरी मन अशुद्ध होतं. ते पाच रविवार लोकांच्या लक्षात होते, उरलेले चार बाबांनी लोकांच्याच नावावर टाकले होते.

हे सगळं तिनं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मध्ये सुईत दोराही ओवला.

“तुमच्या खांबांना अस्वलं घासत असतील,” त्या म्हणाल्या. “हजार वेळा घासू देत. पण हे नमस्कार करतं. उभं राहून मान लववतं. मी या डोळ्यांनी बघितलंय, तू ऐकीव सांगत्येस.”

“आणि दुसऱ्या कशापुढं लववली तर?”

“कशापुढं?”

“कशाहीपुढं. तुम्ही म्हणाल त्याच्यापुढं.”

सासूबाईंनी दोरा दातानं तोडला. “दाखव. दाखवलंस तर नाही जाणार. नाही दाखवलंस तर रविवारी तूच मला हात धरून खांबापर्यंत सोडायचं.”

*

वनरक्षक हा हडकुळा, कमी बोलणारा माणूस होता. गळ्यात दुर्बीण आणि कपाळाला आठी. दोन्ही कायमची. त्यानं मैदानाबाहेर तीनदा सूचना लावल्या होत्या आणि तिन्हींवर बाबांचं पोस्टर चिकटलं होतं. वायरमनबाईनं आपला बेत सांगितला तेव्हा तो आधी तिच्यावरच उखडला. अस्वलाला वासानं बोलावणं, खाऊ टाकून बोलावणं, शिट्टी मारून बोलावणं, सगळं एकाच जातीचं, असं तो म्हणाला. त्या जनावराला माणसाच्या जवळ यायची चटक लागते. एक दिवस ते कुणाच्या तरी अंगणात जातं, कुणीतरी ओरडतो, ते घाबरून पंजा मारतं, आणि मग त्याला गोळी घालायचा हुकूम येतो.

“बाबाला नाही येत हुकूम,” तो म्हणाला. “अस्वलालाच येतो.”

पण रविवारी अकरा म्हातारी माणसं पिल्लांच्या आणि आईच्या मध्ये बसणार होती, आणि एकट्या माणसाच्या काठीनं तीनशे लोक हटत नाहीत. त्यानं वरिष्ठांकडून लेखी परवानगी आणली. अटी त्याच्या. वस्तीपासून दोन तास आत, जिथून अस्वलं तशीही ये-जा करतात त्या वाटेवर. खायचं काही नाही. माणूस कुणी थांबणार नाही, फक्त झाडाला बांधलेला आपोआप चालणारा कॅमेरा. आणि काम झालं की वस्तू लगेच उचलायची.

वस्तू कोणती, हा प्रश्न सासूबाईंवर सोपवला होता. ज्यात देवत्व शोधूनही सापडणार नाही अशी. वायरमनबाईनं त्यांना कार्यालयाच्या भांडारात नेलं. त्या सगळीकडं फिरल्या आणि शेवटी दारामागच्या एका जुन्या पाटीपाशी थांबल्या. जाड लाकडी दांड्यावर ठोकलेली, लाल अक्षरांची पाटी: येथे थुंकू नये.

“ही,” त्या म्हणाल्या. “हिच्यापुढं तर माणसंही मान लववत नाहीत.”

मंगळवारी पाटी रानात रोवली. दांड्याला कार्यालयाच्या डब्यातलं तेल लावलं. बुधवारी कॅमेऱ्यात एक मुंगूस आलं. गुरुवारी एक मोर आला, त्यानं पाटी वाचल्यासारखं केलं आणि गेला. शुक्रवारी काहीच नाही. शुक्रवारीच बाबांनी खांबाला अभिषेक केला, सासूबाई जाऊन आल्या आणि घरी आल्यावर त्यांनी रविवारी नेसायची साडी इस्त्री करायला घेतली. वायरमनबाईला इस्त्रीचा प्लग ओढून काढावासा वाटला.

शनिवारी सकाळी दहाला वनरक्षक जिना चढून आला. बसा म्हटलं तरी बसला नाही. त्यानं मोबाइल सासूबाईंच्या हातात दिला.

चित्रात पाटी होती. डावीकडून एक भलंथोरलं अस्वल आलं, ते मैदानातलं नव्हे, दुसरंच, छातीवरचा पट्टा तुटका होता. त्यानं हुंगलं. दोन पायांवर उभं राहिलं. पुढचे पंजे पाटीभोवती टाकले आणि ‘येथे थुंकू नये’ला मनापासून मिठी मारली. मान वर, खाली, वर, खाली. मग पाठ फिरवून दांड्यावर अशी घासली की डोळे मिटले, ओठ लोंबले आणि पाटी वाकडी झाली.

सासूबाईंनी तीनदा बघितलं. तिसऱ्या वेळी त्यांनी मोबाइल डोळ्यांपाशी नेला.

“उभं कशाला राहतं मग?”

“वास नीट लागावा म्हणून,” वनरक्षक म्हणाला. “लांबचं दिसावं म्हणून. नमस्कार बिमस्कार नाही.”

“आणि मान?”

“गळा घासतंय. अस्वलं झाडांवर आपला वास ठेवतात. दुसऱ्या अस्वलानं येऊन हुंगावं आणि ओळखावं, इथं कोण येऊन गेलं. आपण दारावर नावाची पाटी लावतो तसं. या तेलाचा वास त्यांना फार ओढतो. का ओढतो ते मला माहीत नाही, पण ओढतो.”

सासूबाईंनी मोबाइल बाजूला ठेवला. मग त्यांनी गुडघ्यांवरच्या चट्ट्यांकडे बघितलं आणि हळूच सुनेला विचारलं, हे तेल म्हणजे तुझ्या कपड्यांचंच का. वायरमनबाई हो म्हणाली. आणखी काही म्हणाली नाही, आणि ते तिनं फार चांगलं केलं.

“बाबांकडं दुपारी अकरा जणांची शुद्धी आहे,” सासूबाई म्हणाल्या. “मी जाणार. तुम्ही दोघांनी बरोबर यायचं.”

*

वखारीच्या ओट्यावर दुपारी तीन वाजता अकरा निवडलेले आणि त्यांचे साठ-सत्तर नातेवाईक जमले होते. बाबा श्वासाचे चौदा प्रकार समजावून सांगत होते. नवव्यापाशी सासूबाई उठल्या. त्यांनी भाषण केलं नाही. त्यांनी मोबाइल शेजारणीला दिला, शेजारणीनं पुढच्याला, आणि तो रांगेतून फिरत गेला. जिथं जिथं तो पोचला तिथं तिथं कुणीतरी नाकातून हसलं. एका म्हाताऱ्याला इतकं हसू आलं की त्याला पाणी द्यावं लागलं.

मोबाइल बाबांपर्यंत गेला. त्यांनी बघितलं. पण माणूस तयारीचा होता.

“बघा,” ते म्हणाले, “खांबाची कंपनं किती लांब पोचली. दोन तासांवरची पाटीसुद्धा जागृत झाली.”

काही माना हलल्या. गोड आवाजाला माना हलतातच. तेव्हा वायरमनबाईनं कार्यालयाचा डबा उघडला आणि बाबांच्या तांब्याच्या घागरीशेजारी ठेवला. एकेकानं यावं, आधी याचा वास घ्यावा, मग त्याचा, एवढंच ती म्हणाली. डब्यावर कवटीचं चित्र होतं आणि कातडीला लावू नये असं लिहिलेलं होतं. पहिले चार जण हुंगून जागेवर जाऊन बसले. पाचव्या बाईनं हुंगलं आणि आपल्या मनगटावरचे चट्टे पदराखाली घेतले. आता कुणी हसत नव्हतं.

सासूबाई अजून उभ्याच होत्या.

“बाबा, तेल काय असेल ते असो,” त्या म्हणाल्या. “अस्वल नमस्कारालाच येत असेल तर भ्यायचं कारण नाही. उद्या तुम्ही आमच्याबरोबर खाली बसा. पहिला क्रमांक तुमचा, माझा चौथा.”

“माझं तेज त्याला सोसवत नाही, माई.”

“मग मागं बसा. पण जाळीच्या बाहेर.”

बाबांनी उत्तर दिलं, लांबलचक दिलं, त्यात पूर्वजन्म होता, ग्रह होते, गुरूंची आज्ञा होती. पण त्यात ‘बसतो’ हा शब्द नव्हता, आणि ओट्यावरचा प्रत्येक जण नेमका तोच शब्द शोधत होता. वनरक्षकानं पिल्लांचं सांगितलं. आईच्या आणि पिल्लांच्या मध्ये माणूस आला की काय होतं, तेही एका वाक्यात सांगितलं. अकरामधला सातवा उठला आणि चपला शोधू लागला. मग दहावा. मग एकदम सगळेच, कारण शहाणं व्हायलाही माणसांना सोबत लागते.

रविवारी मैदान बंद होतं. शनिवारीच दिवस मावळायच्या आत वीज कार्यालयाच्या गाडीनं खांब उपटून भांडारात नेला होता आणि खालची तेलकट माती खणून पोत्यांत भरली होती. रानातली पाटीही त्याच दिवशी उचलली गेली होती. अस्वल आलं, रिकाम्या जागेत हुंगलं आणि पिल्लांना घेऊन परत गेलं. दोन-तीनदा आलं, नंतर आलं नाही. बाबांच्या पाठीत म्हणे चमक भरली आणि ते उपचारासाठी मोठ्या शहरात गेले. तिथं अस्वलं नसतात, त्यामुळे तिथं त्यांनी काय काढलं ते कळलेलं नाही. कुठंतरी काहीतरी काढलंच असेल, म्हणून तर हे लिहिलं.

गुडघ्यांचं काय झालं, हे विचारणं रास्त आहे. चमत्कार मोडणाऱ्यावर दुखण्याची जबाबदारी येतेच. चट्टे मलमानं गेले. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी वीस मिनिटं दिली, व्यायाम लिहून दिले, आणि सरळ सांगितलं की झिजलेलं परत येत नाही, पण दुखणं कमी करता येतं. वायरमनबाईनं शिलाई मशीनला एक छोटी मोटर बसवली. आता पायानं रेटायचं नाही, नुसतं टेकवायचं. पहिल्या दिवशी मशीन इतकं जोरात पळालं की सासूबाईंनी उशीच्या अभ्र्याच्या चारही बाजू शिवून टाकल्या.

वनरक्षकानं पाण्याच्या टाकीच्या गच्चीवर बघण्याची जागा केली आहे. समोरची टेकडी तिथून अर्धा मैल. एक दुर्बीण स्टँडवर असते. कुणी रविवारी गेलं तर ती मिळायला वेळ लागतो, कारण एक म्हातारी खुर्ची घेऊन आधीच तिथं बसलेली असते आणि नियम सांगते. कुणी बिस्किटाचा पुडा काढला तर तो परत पिशवीत. कुणी शिट्टी मारली तर तो खाली. घराबाहेर उष्टंखरकटं ठेवायचं नाही, पडलेली फळं अंगणात राहू द्यायची नाहीत, वाटेत अस्वल दिसलं तर पळायचं नाही, त्याच्याकडे तोंड ठेवून मागं सरकत त्याला वाट द्यायची. आणि जे दिसतं ते का दिसतं, हे सांगणाऱ्याला दोनदा विचारायचं. एकदा त्याला, एकदा स्वतःला. प्रश्न विचारल्यानं खऱ्या गोष्टीचं काही बिघडत नाही. जिचं बिघडतं ती खरी नसते.

परवा एक पाहुणा बायकापोरांसह आला. समोरच्या उतारावर अस्वलीण मुळं उकरत होती आणि वर्षभर वाढलेली दोन पिल्लं तिच्या पाठीवरून घसरत होती. पाहुण्यानं दबक्या आवाजात म्हातारीला विचारलं, इथलं अस्वल नमस्कार करतं म्हणे.

“पाठ खाजवतं,” ती म्हणाली आणि दुर्बीण त्याच्या पोरीकडे वळवली. “बघ बाळ, पण इथूनच.”